बेल कोणी वाजवली हे पाहून उठायचं का?

पत्र:

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. काही दिवसांपूर्वी आमच्याकडे पोलीस बंदोबस्तात एक रुग्ण आला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि त्याने जे केलं ते लिहायला माझा हात धजत नाही. पोटात गोळी लागली होती, ऑपरेशन झालं. पहिले दोन दिवस मी सगळं नीट केलं. तिसऱ्या रात्री त्याने दुखतंय म्हणून बेल वाजवली. इंजेक्शनची वेळ झालेली होती, तरी मी उठले नाही, दुसऱ्यांचे केस पेपर लिहीत बसले. चाळीस मिनिटांनी गेले, इंजेक्शन दिलं आणि चार्टवर ठरलेली वेळ लिहून टाकली. सोबतची सिस्टर म्हणाली, "बरं केलंस." नवरा म्हणतो, "असल्या माणसाला वाचवून तुम्ही काय मिळवता?" मला झोप लागत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्याशी मी गद्दारी करतेय असंही वाटतं आणि त्या चाळीस मिनिटांची टोचणीही आहे. अशा माणसाला इतरांसारखीच सेवा मिळायला हवी का? त्याची ड्यूटी नाकारायचा मला हक्क आहे का? आणि मला त्याचा इतका तिरस्कार वाटतो, तर मी या कामाला लायक आहे का?

– एक परिचारिका

उत्तर:

प्रिय सिस्टर,

तुमच्या तीन प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी जे तुम्ही विचारलेलं नाही ते सांगते. चार्टवरची ती वेळ आज दुरुस्त करा. मी स्वतः परिचारिका म्हणून काम केलं आहे, म्हणून हे आधी.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर दिलं जाणारं वेदनाशामक बऱ्याचदा मॉर्फिनच्या जातीचं असतं. त्याचे दोन डोस फार जवळ पडले तर श्वास मंदावतो. समजा, दोन वाजताचं इंजेक्शन तुम्ही दोन चाळीसला दिलंत आणि लिहिलंत दोन. दर चार तासांची ऑर्डर असेल तर पुढची सिस्टर तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवून सहा वाजता सुई हातात घेणार. प्रत्यक्षात मध्ये तीन तास वीस मिनिटंच गेलेली. त्या रात्री काही बिघडलं नाही, हे चांगलं झालं. पण जी नोंद सगळे खरी मानून चालतात तिच्यात तुम्ही खोटं लिहिलं आहे आणि ते अजून तिथेच आहे. खाडाखोड करू नका. जुन्या नोंदीवर एक सरळ रेघ, शेजारी खरी वेळ, दुरुस्तीची तारीख आणि तुमची सही. मग इन्चार्ज सिस्टरना आणि डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगा. बोलणी खावी लागतील, कदाचित लेखी खुलासाही मागतील. द्या. त्या टोचणीवर दुसरा इलाज मला माहीत नाही.

आता पहिला प्रश्न. हो, त्याला इतरांसारखीच सेवा मिळायला हवी. तेच औषध, तोच डोस, तीच वेळ. यात मला कुठलाही 'पण' घालायचा नाही.

कारण सांगताना मोठ्या तत्त्वांपासून सुरुवात करत नाही, त्या चाळीस मिनिटांपासूनच करते. तुम्हाला हे शिकवलेलं आहे, तरी आठवण देते. पोट फाडलेल्या माणसाला दुखत असलं की तो खोल श्वास घेत नाही. खोकत नाही. फुप्फुसाच्या तळाशी स्राव साचतो, तो भाग मिटतो आणि मग न्यूमोनिया होतो. दुखतं म्हणून पाय हलवत नाही, मग पायात रक्ताची गुठळी धरायचा धोका वाढतो. म्हणजे वेळेवर वेदनाशामक देणं ही मेहेरबानी नव्हे, उपचाराचाच भाग आहे. त्याला जरा दुखू दे, असं म्हणून बसलेली सिस्टर शिक्षा देत असते, आणि ती शिक्षा किती जड जाईल हे तिच्या हातात नसतं. चाळीस मिनिटं ठरवलेली असतात, न्यूमोनिया ठरवलेला नसतो. कुठल्याही न्यायाधीशाने अशी शिक्षा दिलेली नाही आणि तिच्यावर अपीलही नाही.

'अशा माणसाला' हे तुमचे शब्द. अशा म्हणजे कशा, हे वॉर्डात ठरवायचं कोणी? डॉक्टरांनी ते ठरवायला घेतलं की काय होतं, हे जगाने पाहिलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला नाझी राजवटीतल्या २३ जणांवर खटला चालला. त्यातले बहुतेक डॉक्टर होते. कैद्यांवर प्रयोग केले, ज्यांचं जगणं निरुपयोगी ठरवलं त्यांना मारलं, असे आरोप होते. १९४७ साली निकाल लागला, सात जणांना फाशी झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, जागतिक वैद्यकीय संघटनेने जिनिव्हा प्रतिज्ञा स्वीकारली. रुग्णाचा धर्म, वंश, राष्ट्र, राजकारण, समाजातलं स्थान यांपैकी काहीही माझ्या आणि रुग्णाच्या मधे येऊ देणार नाही, असं डॉक्टर तिच्यात म्हणतो. आजच्या मसुद्यात या यादीच्या शेवटी 'किंवा अन्य कोणतीही बाब' असंही आहे. ही प्रतिज्ञा सज्जन रुग्णांसाठी लिहिण्याची गरज नव्हती, त्यांच्यावर उपचार करताना कोणाचा हात थांबत नाही. ज्यांच्याकडे पाहून हात थांबतो, त्यांच्यासाठीच ती आहे.

तुम्ही म्हणाल, माझा रुग्ण खरंच खुनी आहे, कोणाच्या लहरीने खुनी ठरवलेला नाही. असेलही, मला ते माहीत नाही. पण तुम्हाला तरी ते कुठून कळलं? बातम्यांतून आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या बोलण्यातून. १९९६ च्या जुलैत अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी एका उद्यानात बॉम्ब फुटला. रिचर्ड ज्युएल नावाच्या सुरक्षा रक्षकाला ती संशयास्पद बॅग आधी दिसली होती आणि त्याने लोकांना तिथून हटवायला सुरुवात केली होती. थोड्याच दिवसांत त्याच्यावरच संशय असल्याचं छापून आलं आणि सगळ्या देशाने त्याला गुन्हेगार मानलं. ऑक्टोबरमध्ये तपास यंत्रणेने त्याच्यावर संशय नसल्याचं कळवलं. खरा हल्लेखोर एरिक रुडॉल्फ याने २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. त्या तीन महिन्यांत ज्युएल तुमच्या वॉर्डात आला असता तर? त्याचीही बेल तशीच वाजत राहिली असती, आणि तुमच्या सोबतच्या सिस्टरने तेव्हाही "बरं केलंस" म्हटलं असतं.

हे उदाहरण देऊन मी पळवाट काढतेय असं वाटू देऊ नका. तुमचा रुग्ण शंभर टक्के दोषी असला, त्याने कबुली दिलेली असली, तरी माझं उत्तर तेच आहे. त्याचं कारण तुमच्या यजमानांच्या प्रश्नात आहे.

वाचवून काय मिळवता? खटला मिळवता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहा हल्लेखोर होते. नऊ मारले गेले, अजमल कसाब जखमी अवस्थेत जिवंत पकडला गेला. त्याच्यावर उपचार झाले, म्हणून त्याच्याकडून कटाची माहिती मिळाली. लोकांनी त्याला साक्षीत ओळखलं, त्याला वकील मिळाला, २०१० मध्ये निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते आणि ते पुराव्याअभावी सुटले, हेही लक्षात घ्या. त्या रात्री ज्या डॉक्टर-परिचारिकांनी त्याच्या जखमा धुतल्या, त्याच शहरात त्यांच्या आसपास लोक मेलेले होते. त्यांनी हात आखडता घेतला असता तर एक मृतदेह मिळाला असता आणि प्रश्न तसेच राहिले असते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगितलेलं आहे. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून त्याला घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेत गेला. त्यावरून परमानंद कटारा यांनी याचिका केली. निकालात न्यायालयाने म्हटलं की रुग्ण निरपराध असो की शिक्षेला पात्र गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणं हे आरोग्यसेवेचं कर्तव्य आहे, म्हणजे निरपराधाचं रक्षण होईल आणि दोषीला शिक्षा होईल. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग यजमानांना वाचून दाखवा. दोषीला शिक्षा व्हायची असेल तर तो न्यायालयापर्यंत जिवंत पोहोचावा लागतो आणि ते काम तुमच्याकडे आलेलं आहे.

ज्यांची माणसं गेली त्यांच्याशी गद्दारी, हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही, तुम्हीही बोलू नका. त्यांच्यातल्या कोणाला तो तडफडून मरावा असं वाटत असेल, तर त्यांच्या दुःखापुढे मी वाद घालणार नाही. कोणाला त्याच्या तोंडून 'का केलंस' याचं उत्तर हवं असेल. कोणाला त्याचं नावही ऐकायचं नसेल. ही सगळी माणसं न्यायालयात जाऊन बोलू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. इंजेक्शनला उशीर करा, असं त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. तो निर्णय तुमचा होता आणि तुम्ही तो त्यांच्या नावावर टाकलात. हे थोडं कठोर वाटेल, पण तुमच्या मनातला अर्धा गुंता इथेच आहे.

मग तिरस्काराचं काय? इथे मी तुमच्या बाजूने आहे, पूर्णपणे. त्याच्याविषयी प्रेम वाटलंच पाहिजे, माफ केलंच पाहिजे, असं कोणत्याही प्रतिज्ञेत लिहिलेलं नाही. ज्याने माणसं मारली त्याच्याकडे पाहून पोटात गोळा येतो, याचा अर्थ तुमचं मन जागं आहे. लायकीचा निकाल तुम्ही काय केलंत यावरून लागतो. कूस वेळेवर बदलली का, लघवीची नळी पाहिली का, ताप चढल्यावर डॉक्टरांना लगेच कळवलं का, यावरून.

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एकाने गोळीबार करून ११ ज्यू माणसं मारली. पोलिसांच्या गोळ्यांनी तोही जखमी झाला. ज्या रुग्णालयात त्याला नेलं तिथे त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ज्यू कर्मचारी होते. त्यांच्यातला एक पुरुष परिचारक रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा होता. रुग्णालयाचे प्रमुख तर त्याच सिनेगॉगशी जोडलेले होते. त्या परिचारकाने पुढे जाहीरपणे लिहिलं की आपण ज्यू असल्याचं रुग्णाला सांगितलं नाही, आणि तो रुग्ण आपले आभार मानून गेला. आपण हे प्रेमापोटी केलं, असंही त्याने लिहिलं. मला तो माणूस थोर वाटतो. पण तुम्ही त्याच्याइतकं थोर व्हावं असं मी म्हणणार नाही. मनात प्रेम नसतानाही त्या रुग्णाचं ड्रेसिंग तितकंच निर्जंतुक करता आलं असतं, आणि रुग्णाला लागतं ते तेवढंच. त्या हल्लेखोरावर खटला चालला, मृतांच्या घरच्यांनी न्यायालयात साक्षी दिल्या, २०२३ मध्ये त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली.

तिरस्कार मात्र कामात झिरपतो, आणि त्याची काळजी घ्यावी लागते. तो फार थोड्यांच्या हातून मोठी गोष्ट करवतो. बहुतेकांच्या हातून छोट्या छोट्या गोष्टी सुटतात. तक्रार अर्धवट ऐकली जाते. 'नाटक करतोय' असं मनात येतं आणि पोट कडक झालंय का हे हात लावून पाहिलं जात नाही. शिफ्ट संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना बाकीच्यांबद्दल पाच वाक्यं आणि त्याच्याबद्दल एक. पोटाच्या ऑपरेशननंतर आतून गळती सुरू झाली तर तिची पहिली खूण अनेकदा वाढलेली वेदना आणि वाढलेली नाडी हीच असते. बेल ऐकून न उठणारी सिस्टर नेमकी हीच खूण चुकवते. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत मनावर विसंबू नका, घड्याळावर विसंबा. काय कधी करायचं ते शिफ्टच्या सुरुवातीलाच कागदावर मांडा आणि त्याबरहुकूम करा. सोबतच्या कोणाला तरी चार्ट एकदा तपासायला सांगा. ड्यूटीवर त्याच्याबद्दलच्या बातम्या वाचू नका, नातेवाइकांना किंवा पत्रकारांना चकार शब्द सांगू नका. त्याच्याशी गप्पा मारायची गरज नाही. "आता कूस बदलते आहे", "सुई टोचेल", इतकं बोललं तरी पुरे, पण ते इतरांशी बोलता त्याच आवाजात.

बंदोबस्ताबद्दलही तुम्हाला बोलायचा अधिकार आहे. तो अंगावर येईल अशी भीती असेल तर पोलीस जवळ असू द्या, एकटीने पडद्याआड जाऊ नका. समान सेवा द्यायची म्हणून स्वतःचा जीव धोक्यात घालायची सक्ती कोणी करू शकत नाही. पण त्याच्या हातापायाला बेडी असेल तर ती तुमच्याही नोंदीत यायला हवी. बेडीच्या खाली बोटांचा रंग, ऊब, हालचाल, त्वचेवरचा वळ पाहायचा. सूज आली तर सैल करायला सांगायचं, आणि किल्ली कोणाकडे आहे हे आधीच विचारून ठेवायचं, कारण अचानक छाती दाबायची वेळ आली तर शोधाशोध करायला वेळ नसतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांसाठी सुधारित नियम स्वीकारले, ते मंडेला नियम म्हणून ओळखले जातात. समाजातल्या इतरांना मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मिळावी आणि वैद्यकीय निर्णय फक्त वैद्यकीय माणसांनीच घ्यावेत, तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी ते फिरवू नयेत, असं त्यांत स्पष्ट आहे. कोणी अधिकारी "याला एवढं कशाला" म्हणाला तर त्याला नम्रपणे डॉक्टरांकडे पाठवा.

एक अवघड प्रसंग तुम्ही विचारलेला नाही, पण अतिदक्षता विभागात तो कधीतरी येतोच. हल्लेखोर आणि त्याने जखमी केलेला माणूस एकाच वेळी आले तर? रणांगणासाठी हे १९४९ च्या जिनिव्हा करारातच लिहिलेलं आहे: आधी कोणावर उपचार करायचे याचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरेल. शत्रूची जखम जास्त गंभीर असेल तर आधी शत्रू. शांततेच्या काळात याहून खालचा नियम आपण कुठल्या तोंडाने लावणार? हे करताना जिवाला किती लागतं याची मला कल्पना आहे.

दुर्मीळ साधनांच्या बाबतीत वाद अजून चालू आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत एका रुग्णाच्या छातीत डुकराचं जनुकबदल केलेलं हृदय बसवलं. मग उघड झालं की त्याने १९८८ मध्ये एकाला भोसकलं होतं आणि तो माणूस त्यामुळे अपंग झाला होता. त्या जखमी माणसाच्या बहिणीने जाहीरपणे म्हटलं की हे हृदय दुसऱ्या कोणा लायक माणसाला मिळायला हवं होतं. तिचं दुःख मला पूर्ण समजतं. तरीही, लायकीची यादी करायला बसलेली डॉक्टरांची समिती मला नको. आज त्या यादीतून खुनी वगळला, तर उद्या दारुडा, परवा जो उपचाराचे पैसे बुडवेल तो. न्यूरेम्बर्गच्या आरोपींनीही कोणाचं जगणं निरुपयोगी हे ठरवायला घेतलं होतं, ते वर सांगितलंच आहे.

ड्यूटी नाकारायचा हक्क? आहे, पण कधी आणि कसा ते पाहा. त्याने तुमचं जवळचं माणूस मारलेलं असेल, किंवा त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तुमच्या हाताला कंप सुटत असेल, तर इन्चार्जना शिफ्ट सुरू व्हायच्या आत सांगा आणि बदल मागा. यात लाज नाही, रुग्णाच्याही दृष्टीने तेच बरं. मात्र जबाबदारी घेऊन झाल्यावर, दुसरं कोणी यायच्या आत, पाठ फिरवता येणार नाही. आणि तातडीच्या वेळी, रक्त वाहत असताना, समोर तुम्हीच असाल तर तुम्हीच. सगळ्यात वाईट रस्ता तुम्ही त्या रात्री धरला होता: ड्यूटी घ्यायची आणि ती करायची नाही. त्यापेक्षा सरळ नाही म्हणणं हजारपट प्रामाणिक.

तुमच्या पत्रात कुठेही असं दिसत नाही की तुमचे वरिष्ठ या ताणाबद्दल कर्मचाऱ्यांशी बसून बोलले. अशा रुग्णाला ठेवून घेताना ते करायला हवं होतं, ही चूक त्यांची. नोंद दुरुस्त करायला जाल तेव्हा हेही मागा: शिफ्ट संपल्यावर सगळ्यांनी दहा मिनिटं बसायचं, ज्याला जे वाटतं ते बोलायचं, आणि त्या रुग्णाची ड्यूटी आळीपाळीने लावायची. सगळं ओझं एका-दोघींवर टाकलं की कोणाचा तरी हात केस पेपरवर रेंगाळणारच.

आणि त्या सोबतच्या सिस्टरशी बोला. तक्रार म्हणून नव्हे. मी नोंद दुरुस्त केली आणि आपण दोघींनी मिळून चुकीचं केलं, एवढं तिला सांगा. तिच्याही मनात तुमच्यासारखंच काहीतरी साचलेलं असणार आणि पुढच्या आठवड्यात तीच त्या खाटेपाशी रात्रपाळीला असेल.